शेजारच्या शहरांनी आधी हिशेब मांडावा

वाकडची कस्पटे वस्ती आणि बालेवाडी यांच्या मधून मुळा वाहते. नदीचा एक काठ पिंपरी-चिंचवड महापालिकेचा, दुसरा पुणे महापालिकेचा. दोन्ही महापालिकांनी मिळून इथे पूल बांधायचे ठरवले, त्याप्रमाणे तो उभाही राहिला. पण पुढे कित्येक वर्षे त्यावरून वाहन गेले नाही, कारण बालेवाडीच्या बाजूला पुलाला जोडणाऱ्या रस्त्याची जागाच ताब्यात आलेली नव्हती. सांगवी आणि बोपोडी यांना जोडणाऱ्या पुलाचीही रड थोड्याफार फरकाने हीच. तिथेही पुलाआधी जोडरस्ता अडला. या दोन्ही ठिकाणी अभियंत्यांचे गणित चुकले नव्हते. एका काठावरच्या विकास आराखड्यातला रस्ता आणि दुसऱ्या काठावरचे भूसंपादन यांचे वेळापत्रक एकमेकांशी जुळवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, म्हणून करदात्यांचे कोट्यवधी रुपये नदीवर नुसते उभे राहिले. अशा बातम्या आल्या की ‘समन्वयाचा अभाव’ हा शब्दप्रयोग हमखास वाचायला मिळतो. पालकमंत्री बैठक घेतात, अधिकारी ‘समन्वय ठेवण्याच्या’ सूचना स्वीकारतात आणि पुढच्या पुलापाशी पुन्हा तेच घडते. समन्वय नाही हे खरेच आहे, पण तो सूचना देऊन येणार नाही. शेजारच्या शहरांनी एकत्र नियोजन करणे हा आज मनाच्या मोठेपणाचा विषय होऊन बसला आहे. तो जमाखर्चाचा विषय झाला तरच ती एकत्र बसतील, असे माझे म्हणणे आहे. पुण्याचा आणि पिंपरी-चिंचवडचा गेल्या तीस वर्षांचा अनुभव त्याला पुरेसा पुरावा देतो.

ही दोन शहरे कागदावरच दोन आहेत. पुणे महापालिका १९५० ची. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पाठोपाठ एमआयडीसी आली, चार-पाच गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिची महापालिका झाली. २००१ ते २०११ या एका दशकात पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे दहा लाखांवरून सव्वासतरा लाखांवर गेली. पुण्याची तेव्हा एकतीस लाखांच्या वर होती. राहायला सांगवीत, नोकरीला खराडीत, मुलाचे कॉलेज कर्वे रस्त्यावर आणि आई-वडील चिखलीत, अशी हजारो घरे आहेत. त्यांच्या रोजच्या जगण्यात हद्द कुठेच लागत नाही. ती लागते ती फक्त रस्त्याची रुंदी अचानक बदलते तिथे, किंवा कचरा कोणी उचलायचा हा प्रश्न येतो तिथे. नद्यांचेही तसेच. पवना पिंपरी-चिंचवडमधून वाहत येऊन दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा पुढे संगमावर मुठेला मिळते, आणि दोन्ही शहरांचे मैलापाणी घेऊन मुळा-मुठा भीमेतून उजनीत जाते. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या इंदापूरच्या आणि सोलापूरच्या माणसाला त्यातली घाण कोणत्या महापालिकेची, हे ओळखता येत नाही. तरीही वाकड ते सांगवी या पट्ट्यात एकाच मुळेच्या दोन काठांच्या सुशोभीकरणाचे दोन स्वतंत्र प्रकल्प, दोन स्वतंत्र निविदा असा कारभार झाला. पात्राचा एक काठ भर टाकून उचलला तर पुराचे पाणी दुसऱ्या काठावर चढते, हे सांगायला जलतज्ज्ञ लागत नाही.

दोन महापालिका म्हणजे निम्मीच गोष्ट. त्यांच्या भोवती आणि मधे तीन कटक मंडळे आहेत, एमआयडीसी आहे, नगरपालिका आणि शेकडो ग्रामपंचायती आहेत, आणि २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए आहे. हिंजवडी हे या गुंत्याचे सर्वांत ठळक उदाहरण. आयटी पार्क एमआयडीसीचे, आजूबाजूच्या हिंजवडी, माण, मारुंजी या गावांत ग्रामपंचायतीचा कारभार, बांधकाम परवानगी पीएमआरडीएची, मेट्रोचे कामही पीएमआरडीएचे, आणि वेस ओलांडली की वाकडपासून पिंपरी-चिंचवड महापालिका. २०२५ च्या जूनमध्ये पहिल्याच जोरदार पावसात तिथले रस्ते पाण्याखाली गेले तेव्हा ओढा कोणी बुजवला, नाला कोणी वळवला आणि पाणी कोणी उपसायचे, यावर प्रत्येक संस्थेचे बोट दुसरीकडे होते. आणि दुर्दैव असे, की प्रत्येकीच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्यही होते.

त्याहून बोलके उदाहरण पुण्याच्या समाविष्ट गावांचे आहे. जून २०२१ च्या अखेरीस तेवीस गावे पुणे महापालिकेत आली आणि क्षेत्रफळात ती मुंबईलाही मागे टाकून राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. त्यावर अभिनंदनाचे फलक लागले. लगेच पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने या गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला नेमले. म्हणजे गावाचा आराखडा आणि इमारतींच्या परवानग्या एका संस्थेकडे. त्या इमारतींना पाणी, मैलावाहिनी, रस्ता आणि दिवे देण्याचे काम दुसऱ्या संस्थेकडे. परवानगीचे शुल्क एकीकडे जमा होणार आणि टँकरचा खर्च दुसरीकडे पडणार. या व्यवस्थेतून काय निष्पन्न होते ते जानेवारी २०२५ मध्ये दिसले. गुलेन बॅरे सिंड्रोमचे बरेच रुग्ण सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात आढळले. धायरी २०१७ ला हद्दीत आलेली, नांदेड आणि किरकटवाडी २०२१ ला. खडकवासल्याचे धरण जवळजवळ दारात, आणि तरी नांदेडच्या परिसराला मिळत होते ते विहिरीचे, केवळ क्लोरीन मिसळलेले पाणी. जलशुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेले नव्हे. त्या आजाराची सगळी कारणे एका विहिरीत शोधू नयेत. पण शुद्ध पाण्याची नळयोजना येण्याआधी तिथे हजारो सदनिका कशा उभ्या राहिल्या, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नाही, नियोजनाचा आहे.

असे का होते, याचे उत्तर तिजोरीत आहे. पूर्वी महापालिकांचा मोठा आधार जकात होता. कारखाना आपल्या हद्दीत असला की कच्चा माल आला की जकात, म्हणून पिंपरी-चिंचवडला ‘आशियातील सर्वांत श्रीमंत महापालिका’ हे बिरुद मिरवता आले. २०१३ मध्ये जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, दोन वर्षांनी तोही बहुतांश गेला आणि २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईवर भिस्त आली. ही भरपाई राज्य सरकार ठरवते. महापालिकेच्या हातात उरले ते दोनच मोठे नळ: मिळकतकर आणि बांधकाम परवानगीतून येणारी रक्कम, म्हणजे विकास शुल्क, अधिमूल्य, वाढीव चटईक्षेत्राचे पैसे. पीएमआरडीएचीही तीच गत, कारण तिला मिळकतकर घेताच येत नाही. म्हणजे या प्रदेशातल्या प्रत्येक संस्थेचे उत्पन्न आपल्या हद्दीत अधिक मजले चढण्यावर अवलंबून आहे, आणि त्या मजल्यांचा वाहतुकीचा, मैलापाण्याचा, पुराचा भार शेजाऱ्यावर ढकलता येतो. अशा परिस्थितीत शेजाऱ्याशी बसून ‘इथे वाढ नको, तिकडे होऊ द्या’ असे कबूल करणारा आयुक्त आपल्याच अंदाजपत्रकाला भोक पाडतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नियम बदलल्याशिवाय कोणीही शहाणा माणूस त्याच्या जागी तेच करील.

राज्य सरकारला हे अजिबात कळलेले नाही असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये बहुतेक राज्यासाठी एकीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. त्यामुळे पुण्यात एक सामासिक अंतर आणि पिंपरीत दुसरे, हा घोळ कमी झाला. पण नियम एक झाले आणि नकाशे वेगळेच राहिले. कुठे किती मजले चढवता येतील हे सगळीकडे सारखे ठरले. कुठे मुळात वाढ व्हावी, आधी कुठे आणि नंतर कुठे, हे ठरवणारी जागा रिकामीच राहिली.

यावर एक हमखास उत्तर ऐकू येते: सगळे एकत्र करून टाका. हद्दवाढ करा, हिंजवडी पिंपरी-चिंचवडमध्ये घाला, नाहीतर दोन्ही महापालिकांची एकच ‘महा’ महापालिका करा. हे उत्तर सोपे वाटते म्हणूनच त्याकडे जरा थांबून पाहायला हवे. पुण्याने ते करून पाहिले आहे. १९९७ मध्ये अडतीस गावे हद्दीत घेतली. २००१ मध्ये त्यांतली पंधरा पूर्णपणे आणि पाच अंशतः वगळली. वगळलेल्यांतली अनेक २०१७ पासून पुन्हा आत आणली, तोवर तिथल्या गल्ल्यांत अशा इमारती उभ्या राहिल्या होत्या की अग्निशमनाचा बंब वळवणेही मुश्कील व्हावे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांनी तर वर्षानुवर्षे शहराचा कचरा सोसला, २०१७ मध्ये ती शहरात आली, कर वाढला, सुविधा वाढल्या नाहीत, आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. कल्याण-डोंबिवलीच्या सत्तावीस गावांची हीच कथा: १९८३ मध्ये आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत, आणि २०२० मध्ये त्यांतली अठरा बाहेर काढायचा निर्णय, तोही न्यायालयात गेला. हद्दवाढ हा आपल्याकडे नियोजनाचा निर्णय नसतोच. तो निवडणुकीचा निर्णय असतो, आणि गाव शहरात येते ते बांधून झाल्यावर.

राज्याबाहेरही हाच धडा आहे. बेंगळुरूने २००७ मध्ये भोवतालच्या आठ नगरपालिका आणि एकशे दहा गावे एका झटक्यात महापालिकेत घेतली. त्या गावांसाठीचा कावेरीच्या पाण्याचा पाचवा टप्पा सुरू व्हायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. त्यानंतर वर्षभराच्या आतच ती एकत्रित महापालिका मोडून तिच्या पाच महापालिका करण्यात आल्या आणि वर एक बृहत् प्राधिकरण बसवले गेले. दिल्लीने उलटा प्रवास केला. २०१२ मध्ये एका महापालिकेच्या तीन केल्या. दक्षिणेकडच्या सधन वस्त्यांचा कर दक्षिण महापालिकेला मिळाला. पूर्व आणि उत्तर महापालिकांना सफाई कामगारांचे पगारही वेळेवर देता येईनात. संप झाले, रस्त्यावर कचऱ्याचे ढीग पडले, आणि २०२२ मध्ये तिन्ही पुन्हा एक झाल्या. एका राजधानीने जोडून तोडले, दुसरीने तोडून जोडले. दोन्हीकडे मूळ दुखणे महापालिका किती आहेत हे नव्हते. वाढीतून येणारा पैसा आणि वाढीतून येणारा भार हे एकाच नकाशावर येत नव्हते, हे दुखणे होते, आणि फाळणी किंवा विलीनीकरण यांनी ते बरे झाले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यासाठीच तर पीएमआरडीए आहे ना? मुख्यमंत्री तिचे अध्यक्ष, जवळजवळ सात हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र, आठशेच्या वर गावे. २०२१ मध्ये तिने प्रदेशाच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला, हजारोंनी हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये सरकारनेच तो रद्द केला. म्हणजे सहा-सात वर्षांची मेहनत आणि त्या काळात झालेली बांधकामे जमेस धरता, हाती काहीच नाही. मसुद्यात दोष होतेच. पण या अपयशाचे मूळ मला वेगळ्या ठिकाणी दिसते. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने दहा लाखांवरच्या प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातल्या नगरसेवकांतून आणि पंचायतींच्या अध्यक्षांतून, त्यांनीच निवडलेले हवेत. प्रदेशाच्या विकास योजनेचा मसुदा तयार करणे हे तिचे काम, आणि तो करताना पाणी वाटून घेणे, जमिनीच्या वापराचा मेळ घालणे, पर्यावरण जपणे या सामायिक बाबी पाहाव्यात, असे घटनेतच लिहिले आहे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. प्रत्यक्षात ही समिती पुण्यात नावापुरती राहिली, निवडणूक २०२१ च्या अखेरीस झाली, आणि चारच महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, दोन्ही महापालिकांची मुदत संपून प्रशासक आले ते तीन वर्षांहून अधिक काळ राहिले. नगरसेवकच नाहीत तर त्यांच्यातून निवडलेली समिती कुठून असणार! मग मंत्रालयातून खाली आलेला आराखडा लोकांना आपला वाटला नाही यात आश्चर्य ते काय.

जमाखर्च वाटून घेतला तर काय होते, हे पाहायला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जावे लागते. मिनीआपोलिस आणि सेंट पॉल ही मिसिसिपीच्या काठावरची जुळी शहरे. तिथे सहकार्याची सुरुवात कोणाच्या उदारपणातून झाली नाही, मैलापाण्यातून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे भराभर वाढली, घरोघरी शोषखड्डे आणि शेजारीच विहिरी. १९५९ च्या तपासणीत मोठ्या संख्येने विहिरी दूषित निघाल्या. नांदेड-किरकटवाडीच्या वाचकाला यात अनोळखी असे काही वाटू नये. या धक्क्यातून १९६७ मध्ये राज्य विधिमंडळाने एक प्रादेशिक मंडळ नेमले. पुढे मुख्य मैलावाहिन्या कुठवर न्यायच्या हे त्याच्या हाती आले, आणि १९७६ च्या कायद्याने प्रत्येक गावाचा-शहराचा आराखडा प्रादेशिक आराखड्याशी जुळवणे बंधनकारक झाले. मैलावाहिनी जिथे नाही तिथे दाट वस्ती नाही, इतके ते सरळ आहे. पण त्याहून धाडसी पाऊल १९७१ चे होते. त्या वर्षी असा कायदा झाला की महानगरातल्या प्रत्येक गावात-शहरात व्यापारी आणि औद्योगिक मिळकतींच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल, तिच्यातले चाळीस टक्के एका सामायिक गाठोड्यात जावेत आणि तिथून लोकसंख्या आणि ऐपत पाहून सर्वांना वाटले जावेत. होते ते उत्पन्न कोणाचे काढून घेतले नाही, फक्त पुढची वाढ वाटून घेतली. बर्न्सव्हिल नावाच्या उपनगराने याला न्यायालयात आव्हान दिले. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पन्नास वर्षे होऊन गेली, तो चालू आहे. कार्यालयांचा मनोरा आपल्याच हद्दीत यावा म्हणून शेजाऱ्यांनी एकमेकांचा गळा धरण्याचे कारण त्याने पूर्ण संपवले नाही, पण बरेच बोथट केले. त्या मंडळावर टीकाही होते, आणि ती योग्य आहे: त्याचे सदस्य गव्हर्नर नेमतो, लोक निवडत नाहीत. ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये असे प्रादेशिक मंडळ मतदार थेट निवडतात. आपल्या घटनेने सांगितलेली समिती या दोहोंच्या मधली आहे, आणि कागदावर तरी ती मिनेसोटाच्या मंडळापेक्षा अधिक लोकशाहीची आहे.

परदेशातले उदाहरण आले की ‘तिथले इथे चालत नाही’ हे वाक्य येतेच. म्हणून घरचे उदाहरण पाहू. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून पीएमपी झाली. तिच्या गाड्यांबद्दल प्रवाशांचे काय मत आहे ते सर्वश्रुत आहे. बंद पडलेली बस ढकलणारे प्रवासी हे दृश्य पुणेकराला नवे नाही. तरीही ही संस्था मोडली नाही, आणि निगडीहून कात्रजला जाणाऱ्या माणसाला हद्दीवर उतरून दुसरे तिकीट काढावे लागत नाही. कारण एवढेच की तोट्याचा वाटा पहिल्या दिवसापासून ठरलेला होता: साठ टक्के पुणे, चाळीस टक्के पिंपरी-चिंचवड. त्यावर कुरकुर झाली, हप्ते रखडले, पण भांडण साठ आणि चाळीस या आकड्यांच्या आतच राहिले. याच बसगाड्या पीएमआरडीएच्या गावांमध्ये जाऊ लागल्या तेव्हा मात्र तो तोटा कोणाचा हे ठरलेले नव्हते, आणि २०२२ मध्ये ग्रामीण हद्दीतले काही मार्ग पीएमपीने बंद केले. बस तीच, तोटाही तोच. हिशेब ठरला तिथे सेवा टिकली, ठरला नाही तिथे गेली. मुंढव्याच्या जॅकवेलचेही असेच: खडकवासल्यातून शहराने जास्तीचे पाणी घ्यावे आणि साडेसहा टीएमसी मैलापाणी शुद्ध करून शेतीसाठी कालव्यात सोडावे, असा करार झाला. शुद्धीकरणाच्या दर्जाबद्दल दौंड-हवेलीच्या शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे, पण ती करता येते ती करार आहे म्हणूनच.

तेव्हा करायचे काय? माझ्या मते दोन गोष्टी, त्याही एकत्रच. पहिली म्हणजे, प्रदेशभर बांधकाम परवानगीतून यापुढे जी वाढीव रक्कम येईल आणि मोठ्या व्यापारी, आयटी आणि गोदामांच्या मिळकतींवरचा जो कर वाढेल, त्याचा ठरावीक हिस्सा सामायिक निधीत जावा. किती टक्के, हा चर्चेचा विषय. पण आकडा कायद्यात असावा, दरवर्षीच्या बैठकीत नसावा. तो निधी मुख्य मैलावाहिन्या, हद्दीवरचे पूल-रस्ते, नदी आणि कचरा प्रकल्प यांवरच खर्च व्हावा, आणि ज्या गावाने कचरा डेपो किंवा शुद्धीकरण केंद्र स्वीकारले त्याला त्यातून आधी वाटा मिळावा. दुसरी म्हणजे, महानगर नियोजन समितीने सगळ्या गोष्टींत नाक खुपसू नये. गल्लीची रुंदी, भाजी मंडईचे आरक्षण, बागेची जागा हे ज्याचे त्याने पाहावे. समितीच्या हाती असावेत ते मोजके विषय: नद्या आणि पूररेषा, पाणी आणि मैलापाण्याच्या मुख्य वाहिन्या, महानगराचे मुख्य रस्ते आणि मेट्रो, आणि वाढीचा क्रम. या विषयांत मात्र तिचा नकाशा दोन्ही महापालिकांवर, प्राधिकरणावर आणि ग्रामपंचायतींवरही बंधनकारक असावा. आज रिंगरोडसुद्धा दोन संस्थांचे दोन आहेत, बाहेरचा रस्ते विकास महामंडळाचा आणि आतला पीएमआरडीएचा, आणि १९८७ च्या पुण्याच्या आराखड्यातला उच्च क्षमता वर्तुळाकार मार्ग अजून नकाशातच फिरतो आहे.

पिंपरी-चिंचवडने आपले पैसे पुण्याला का द्यावेत, असा सवाल पहिल्याच दिवशी होईल, आणि तो गैर नाही. पण गाठोडे पुण्याला जात नाही, प्रदेशाला जाते. आणि हिंजवडीच्या गाड्यांचा लोंढा वाकडच्या रस्त्यावर येतो, त्याचा कर मात्र वाकडला मिळत नाही, हे पाहिले तर घेणाऱ्यांच्या रांगेत पिंपरी-चिंचवडही असेल. शिवाय वाटून घ्यायची ती पुढची वाढ. आजच्या मिळकतकराला हात लावायची गरज नाही.

गावांची शंका अधिक खोल आहे. शहरांनी एकत्र बसायचे म्हणजे दोन मोठ्यांनी मिळून तिसऱ्याला खायचे, असा त्यांचा अनुभव आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंदिस्त जलवाहिनी नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला, आणि योजना पुढे बारा वर्षे स्थगित राहिली. बंद नळातून पाणी नेणे तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाचे असेल. पण ज्यांच्या शिवारातून ते नळ जाणार त्यांना निर्णयाच्या जागी खुर्ची नव्हती. पंचायतींच्या अध्यक्षांना महानगर नियोजन समितीत जागा देण्यामागे हाच विचार आहे. ती समिती न बसवता शहरांच्या सहकार्याच्या गप्पा मारल्या तर मावळ, मुळशी, हवेलीतली माणसे त्याकडे संशयानेच पाहतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

शेवटचा मुद्दा जमीनमालकांचा. ‘इथे आत्ता वाढ नाही’ असे नकाशात लिहिले की ज्याची जमीन त्या बाजूला पडते तो भिकेला लागतो आणि रस्त्यापलीकडचा कोट्यधीश होतो, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. पुण्याच्या टेकड्यांवरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण त्याचा पुरावा आहे. १९९७ नंतर शहरात राहिलेल्या तेवीस गावांतल्या सुमारे ९७८ हेक्टर टेकड्या हिरव्या ठेवायचे ठरले, २०१५ मध्ये सरकारने त्यावर शिक्कामोर्तब केले, पण मोबदला म्हणून देऊ केलेला आठ टक्के टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, मालकांना पटला नाही. जागा ताब्यात आल्या नाहीत, आणि टेकड्यांच्या उतारांवर पत्र्याच्या शेडपासून सुरुवात होऊन पक्की घरे झाली. टेकडी वाचवायची तर तिचे पैसे द्यावे लागतात, आणि ते टेकडीखाली वाढणाऱ्या शहराने द्यावेत हे न्याय्य आहे. सामायिक निधीचा हाही एक उपयोग. जिथे वाढ व्हायची तिथे नगररचना योजना आहेतच: पीएमआरडीएने म्हाळुंगे-माण इथे केल्याप्रमाणे सर्वांची जमीन एकत्र करून रस्ते-मोकळ्या जागा काढून उरलेली ठरलेल्या प्रमाणात परत देणे. ही पद्धत मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्यापासून चालत आली आहे, आणि तिच्यात कोणा एकाचेच शेत रस्त्याखाली जात नाही.

प्रदेशाचा जुना आराखडा रद्द झाला आहे, नवा करावाच लागणार आहे. तो पुन्हा एखाद्या सल्लागार कंपनीच्या संगणकावर आणि मंत्रालयाच्या दालनात तयार व्हायच्या आत सरकारने महानगर नियोजन समितीवरच्या लोकप्रतिनिधींच्या जागा भराव्यात, तिची पहिली बैठक लोकांसमोर घ्यावी आणि सामायिक निधीचा प्रस्ताव त्याच बैठकीच्या कार्यपत्रिकेवर ठेवावा. त्या बैठकीची तारीख तेवढी वाचकांनी आपापल्या नगरसेवकाकडे आणि सरपंचाकडे जरूर मागावी.